नववा कंद

सासूबाईंनी टोपलीत हात घातला, तळापर्यंत नेला आणि तो तसाच राहिला. टोपलीत मूठभर वाळू होती. बाकी काही नव्हतं.

"ऋचा, यातली आंबेहळद कुठाय?"

"दिली की काल, आई. वाणाच्या पिशव्यांत." मी केयूरला उपमा भरवत होते. तो दोन वर्षांचा आहे, आणि उपम्यातली मोहरी वेचून माझ्या बाहीला चिकटवायचं काम त्याने हाती घेतलं होतं.

"सगळी?"

"सगळी. कमीच पडत होती."

"मध्ये वर्तमानपत्राची घडी होती. तिच्या खालचं?"

"तेही घेतलं. का?"

आई जमिनीवर बसल्या. शेजारी खुर्ची होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"आई, काय होतं खाली?"

"कळलावीचे कंद," त्या म्हणाल्या.

माझा हात वाटीवरच थांबला. केयूरने तोंड उघडून वाट पाहिली आणि मग स्वतःच वाटीत हात घातला.

आदल्या दिवशी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं होतं. तीस बायका आल्या. दरवर्षी ते प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या वाटायच्या आणि घ्यायच्या, याचा मला कंटाळा आला होता. यंदा घरचे कंद वाटू, ही कल्पना माझी. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत आम्ही तळमजल्यावर, आणि मागे अडीच फूट रुंदीची मातीची पट्टी आहे. ती आईंची. लिलीची तिथे दाटी झाली होती. दर तीन वर्षांनी उकरायचं, एकेक कांदा सुटा करायचा, अर्धे ठेवायचे, अर्धे द्यायचे, हा त्यांचा शिरस्ता. "दाटी झाली की नुसती पानं वाढतात," त्या म्हणतात. तर सोळा पिशव्यांत लिली आणि चौदांत आंबेहळद. खाकी कागदाच्या पिशव्या, वर सुतळी, सुतळीला कार्ड. कार्डं मी लिहिली. लिलीच्या कार्डावर 'मे महिन्यात कुंडीत लावा.' आंबेहळदीच्या कार्डावर 'किसून लोणचं करा. एखादा तुकडा कुंडीत लावा.'

किसून. माझ्या हस्ताक्षरात, हिरव्या शाईने, चौदा वेळा.

आणि कळलावी. पावसाळ्यात आईंचा तो वेल ग्रिलवर चढायचा आणि गणपतीच्या सुमारास त्याला लाल-पिवळी, ज्वाळेसारखी फुलं यायची. लोक थांबून फोटो काढायचे. सप्टेंबरात केयूरच्या तोंडात मला त्याची एक पाकळी सापडली. मी ती बोटाने ओढून काढली, त्याचं तोंड नळाखाली धरलं, तशीच त्याला उचलून डॉक्टरांकडे पळाले. काही झालं नाही. पण त्यानंतर मी जे वाचायचं ते वाचलं. सगळं झाड विषारी, कंद सगळ्यात जास्त. आमोदला, माझ्या नवऱ्याला, मी सांगितलं की या घरात एक तर तो वेल राहील नाही तर मी. तो म्हणाला, "आईला सांग." आईंना सांगितलं. डिसेंबरात वेल वाळल्यावर त्यांनी कंद काढले. मी केयूरला कडेवर घेऊन दारात उभी राहून बघत होते. त्या खुरपं वापरत नव्हत्या, बोटांनी माती बाजूला सारत होत्या. काटकोनात वाकलेला कंद, दोन बोटं एकमेकांना जोडल्यासारखा. प्रत्येक बोटाच्या टोकाला एकच डोळा, तो दुखावला की ते बोट गेलं. त्यांनी जोड हलकेच मोडून बोटं सुटी केली.

"टाकणार ना?" मी विचारलं होतं.

"टाकते," त्या म्हणाल्या होत्या.

"तुम्ही टाकते म्हणाला होतात," मी आता म्हणाले.

"म्हणाले. नाही टाकवले."

"मग मला सांगायचं तरी."

"तुला सांगितलं असतं तर तू झोपली असतीस का? उगाच तुझ्या डोक्याला ताप नको म्हणून तळाशी ठेवले. म्हटलं, आंबेहळद आपण थोडी थोडी वरून काढतो, मे उजाडेपर्यंत खालच्या घडीला कुणाचा हात लागत नाही."

हे खरं होतं, मी झोपले नसते, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला.

"किती होते?"

"नऊ."

"नक्की?"

"मीच सुटे केले. नऊ."

पिशव्या भरताना मला कळायला हवं होतं. आंबेहळदीला वळ्या असतात, मोडली की कैरीचा वास येतो. कळलावी गुळगुळीत, बिनवासाची. काही तुकडे वेगळे लागले होते हाताला, आठवतंय मला. पण केयूर मांडीत होता आणि जे दिसेल ते तोंडात घालत होता. माझं सगळं लक्ष त्याच्या हातांवर. माझ्या हातांवर कोण लक्ष ठेवणार?

मी बायकांच्या ग्रुपवर लिहिलं: 'कालच्या वाणातली आंबेहळद कुणीही खाऊ नका. त्यात चुकून विषारी कंद गेले आहेत. मी पिशव्या परत घ्यायला येते आहे.'

"विषारी नको गं लिहूस," आई मागून वाचत होत्या. "चुकून दुसरंच गेलं, एवढं लिही."

"दुसरंच गेलं वाचून कोण थांबणार आहे, आई?"

मेसेज पाठवला. पाच मिनिटांत चार जणींनी वाचला. एकीने हात जोडलेलं चित्र टाकलं, एकीने सूर्योदयाचं. ही माझीच करणी होती. पाण्याच्या टाकीचं झाकण, डेंग्यू, लिफ्टचं दार, पार्किंगमध्ये साप (तो पाण्याचा पाइप निघाला), या सगळ्यांवर मी गेल्या दोन वर्षांत इतके मेसेज टाकलेत की माझं नाव दिसलं की बायका फोन पालथा ठेवतात. हे मला माहीत आहे. मला सांगितलं गेलंय.

मी चौदा नावांचा कागद केला आणि चपला घातल्या.

"ती वाळूही त्याच्या हाताला लागू देऊ नका. टोपली बाहेर ठेवा. त्याचे हात..."

"जा तू. मी एक पोर वाढवलंय."

"तेव्हा कळलावी होती का?"

"होती. कुंपणाला."

मी निघाले.

पहिल्या पाच पिशव्या आमच्याच इमारतीत, तशाच पडलेल्या मिळाल्या. एकीने फ्रिजवर ठेवली होती, एकीने चपलांच्या रॅकवर. मी दारातच पिशवी उलटी करायचे, तुकडे चाचपायचे. दोन कंद. मग स्कूटर काढली. शनिवार पेठेत दोन घरं, तिथे एक कंद. एका आजींनी दाराच्या साखळीतूनच विचारलं, "वाण परत मागतात, हे कुठलं शास्त्र?" मी म्हटलं, "काकू, जिवाचा प्रश्न आहे." त्या म्हणाल्या, "सकाळी नऊला सगळ्यांचाच जिवाचा असतो." पण पिशवी दिली, आणि त्यात दोन कंद होते. एकीने आंबेहळद किसून पाण्यात ठेवली होती. ते भांडं मी तिच्यासमोर मोरीत ओतलं. तिच्या पिशवीतल्या उरलेल्या तुकड्यांना कैरीचा वास होता, किसलेल्यालाही होता, तरी ओतलं. कोणी फोन उचलले, कोणी नाही, एक जण फिरायला गेलेली, तिच्या नवऱ्याला पिशवी सापडेना. साडेदहाला माझ्या पर्समधल्या डब्यात आठ कंद होते आणि कागदावर एकच नाव उरलं होतं. नम्रताताई, तिसरा मजला, आमचीच इमारत.

त्यांना मी सकाळी पहिला फोन केला होता. "कालच कुंडीत लावली गं सगळी," त्या म्हणाल्या होत्या. म्हणून त्यांचं नाव शेवटी ठेवलं होतं. मातीत गेलेलं कुणी खात नाही.

"ये," नम्रताताईंनी दार उघडलं. "झालं का गावभर विष गोळा करून? तरी मी म्हणत होते, यंदा वाण इतकं साधं कसं."

"ताई, कुंडी बघू? एक कंद कमी पडतोय. मी उकरून काढते."

"अगं राहू दे ना. उगवलं तर देईन तुला रोप."

"मला बघू दे."

त्या बाल्कनीच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांच्या काखेखालून बघितलं. चार कुंड्या. तुळस, कोरफड, मनीप्लांट आणि एक रिकामी. रिकामीतली माती वरून कडक झालेली, भेगाळलेली, कडेला पांढरी खरपूड. त्या मातीत काल कुणी बोट घातलेलं नव्हतं.

"नम्रताताई, लावली नाही तुम्ही."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

त्यांचा चेहरा लाल झाला, आणि मला कळलं काय झालंय ते. आपण सगळ्याच करतो. संक्रांतीचं नको असलेलं वाण पुढच्या घरी सरकवतो. मागच्या वर्षी मला मिळालेली गाळणी मी दोन घरांनंतर दुसऱ्या कुणाला तरी दिली होती. फक्त जिच्याकडून आलं तिला ते कधी कळू द्यायचं नसतं.

"तुम्ही दिलेली गाळणी मीपण पुढे दिली होती, ताई," मी म्हटलं. "गेल्या वर्षी. निळ्या दांड्याची. ते बाजूला ठेवा. कार्डावर मी 'किसून लोणचं करा' लिहिलंय. कुणाला दिलीत?"

त्या बाल्कनीच्या दारातून बाजूला झाल्या. मग म्हणाल्या, "अस्मिताला. मेसवाल्या. काल तुझ्याकडून परस्पर तिच्याकडेच गेले. घरात कोण किसत बसतंय..." आणि मग त्यांचाही हात तोंडाकडे गेला. "अगं, ती डब्यात लोणचं देते."

अस्मिताताईंची मेस दोन गल्ल्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर. मी पोहोचले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. दोन बायका पोळ्या लाटत होत्या. ओट्यावर रिकाम्या टोपांच्या मधोमध एक मोठं स्टीलचं पातेलं, आत पिवळसर कीस, त्यात आलं, लिंबू, मीठ.

"ही नम्रताताईंनी दिलेली आंबेहळद?"

"हो. चव घेताय? जरा कडवट झालंय."

"खाल्लंत तुम्ही?"

"मला तिखट-आंबट वर्ज्य. पित्त. का हो?"

मी डबा उघडून आठ कंद दाखवले. अस्मिताताईंनी एक हातात घेतला, नखाने टोचला, वास घेतला. त्या पन्नाशीच्या, चष्म्याला वाफ धरलेली.

"असाच एक होता," त्या सावकाश म्हणाल्या. "बाकीच्यांना घमघमाट होता. हा मुका. म्हटलं, जून असेल. किसला."

"डबे?"

"दिगंबर घेऊन गेला ना पहिली खेप. अठरा."

मी पातेलं उचललं. त्यांनी माझा हात धरला. "थांबा थांबा. ओतू नका, आधी मला सांगा, मी पोरांना काय सांगू? मेसमध्ये विष? मॅडम, माझं दुकान बंद होईल. बावीस वर्षं झाली."

"माझं नाव सांगा. तळमजल्यावरच्या ऋचाने चुकीचं कार्ड लावलं म्हणून सांगा. कार्ड आहे का अजून?"

होतं. फ्रिजवर चुंबकाखाली लावलं होतं त्यांनी. "अक्षर सुंदर आहे म्हणून ठेवलं," त्या म्हणाल्या.

मी त्या कार्डाचा फोटो काढला आणि त्यांनी तो मेसच्या ग्रुपवर टाकला, खाली 'लोणचं खाऊ नका, फेकून द्या, गंभीर आहे.' त्यांचा ग्रुप माझ्या ग्रुपसारखा नव्हता. पाच मिनिटांत उत्तरं यायला लागली. डबा अजून उघडला नाही. फेकलं. आम्ही एकला जेवतो. ओके काकू. मी मोजत होते. सोळा. सतरा.

"कोण राहिलं?"

"निशा," अस्मिताताई म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "इंदापूरकडची. स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अभ्यासिकेत बसते, तिथे फोन बाहेर ठेवायला लागतो. ती अकराला जेवते, एकला जिन्यात गर्दी होते म्हणून." मग म्हणाल्या, "तिला मी लोणचं जास्त घालते हो. लोणच्यावरच जेवते पोर."

अभ्यासिका मागच्याच रस्त्याला. दारावर एक काका, लाकडी कप्प्यांत फोन. "सभासद आहात का?" त्यांनी विचारलं. मी आत शिरले. सत्तरएक डोकी पुस्तकांत, पंख्यांचा आवाज, बाकी टाचणी पडली तर ऐकू येईल असं.

"निशा!" मी ओरडले.

सत्तर डोकी वर झाली. "बाई, इथे बोलायचं नाही," काका मागून धावत आले. कुणीतरी न बोलता बोट वरच्या जिन्याकडे केलं.

ती जिन्याच्या वळणावर बसली होती, मांडीवर चालू घडामोडींचं मासिक, शेजारी डबा. पोळीच्या शेवटच्या तुकड्याने ती डब्याचा कोपरा पुसत होती. कोपरा पिवळा होता.

"लोणचं होतं यात?"

"होतं. कडू होतं जरा." तिने तुकडा तोंडात टाकला. "तुम्ही कोण?"

*

मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांना मी कंदांचा डबा दाखवला आणि झाडाचं शास्त्रीय नाव सांगितलं, किती वाजता, अंदाजे किती चमचे, किती जणांच्या लोणच्यात एक कंद. हे सगळं मला पाठ होतं. गेल्या सप्टेंबरपासून पाठ होतं, फक्त मी ते दुसऱ्याच मुलासाठी पाठ केलं होतं.

"कुणी दिलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी."

त्यांनी तिचं पोट धुतलं, कोळशाची काळी पूड पाजली. प्रमाण कमी आहे, म्हणाले, पण हे विष सावकाश चालतं, आज बरं वाटलं म्हणून उपयोग नाही. रक्त रोज तपासायचं. तीन दिवस ठेवू.

दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. मी भांडं धरलं. दोन उलट्यांच्या मध्ये ती म्हणाली, "ताई, आईला नका सांगू."

"का?"

"ती लगेच परत नेईल. आठ आठवड्यांवर परीक्षा आहे. तिसरा प्रयत्न आहे माझा. नंतर सांगेन मी. उगाच तिच्या डोक्याला ताप."

हेच शब्द मी सकाळी ऐकले होते. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिला चूळ भरायला पाणी दिलं. "नंबर सांग," मी म्हटलं. ती तोंड वळवून पडली. "निशा, तुला राग आला तर येऊ दे. पण नंबर सांग. मला दोन वर्षांचा मुलगा आहे. त्याचं कुणी माझ्यापासून असं लपवलं असतं, तर मी त्या माणसाचं तोंड बघितलं नसतं." मग मला आठवलं की मी संध्याकाळी घरी जाऊन ज्यांचं तोंड बघणार होते, त्यांनी हेच केलं होतं. पण नंबर तिने सांगितला.

तिची आई विजयमाला शेतावर होती. मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज. मी नाव सांगितलं, कुठून बोलते ते सांगितलं, मग एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे मोटार बंद झाली.

"कळलावी," त्या म्हणाल्या. "आमच्या बांधाला हाय की ती. शेळीबी तोंड लावत न्हाई. तुम्ही शहरात ती लोणच्यात घालता व्हय?"

"चुकून, काकू."

"शुद्धीत हाय का?"

"आहे. बोलतेय."

"तिला द्या फोन."

निशा फोनवर फक्त 'हं' म्हणत होती. सहा वेळा 'हं'. मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि डोळे पुसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की साडेतीन वाजलेत आणि मी सकाळपासून घरी एकदाही फोन केलेला नाही. असं आधी कधी झालं नव्हतं. लावला. "झोपलाय," आई म्हणाल्या. "हात तीनदा धुतलेत त्याचे. ती मुलगी कशी आहे?"

"उलट्या होतायत."

त्यांनी फोन ठेवला.

विजयमालाकाकू संध्याकाळी एसटीने स्वारगेटला उतरून आल्या, हातात एकच पिशवी. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि सरळ मुलीच्या पायाशी बसल्या. मी दवाखान्याचे कागद त्यांना समजावून सांगायला लागले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मला वाचता येतं," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उलट्या थांबल्या, जुलाब लागले. सकाळचे रक्ताचे आकडे डॉक्टरांना आवडले नाहीत. "बघू उद्याचे," म्हणाले. मी त्या कागदाचा फोटो काढला, घरी येऊन पुन्हा वाचला, पांढऱ्या पेशी कितीवरून किती, नेहमीच्या किती असतात. आमोदने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "वाचून त्या वाढणार आहेत का?" त्याने विचारलं. नव्हत्या. मी फोन परत घेतला.

त्या दुपारी आई माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. केयूरला नम्रताताईंकडे ठेवलं. त्यांनी स्वतःच मागून घेतला होता. आईंनी मऊ भात आणला होता, वर साजूक तूप, स्टीलच्या डब्यात. खोलीच्या दारात त्यांचे पाय अडखळले. मी म्हटलं, "मी देते आत." त्या म्हणाल्या, "नाही."

"मी हेमा," त्या विजयमालाकाकूंसमोर उभ्या राहून म्हणाल्या. "ते कंद माझे. हिने टाकायला सांगितले होते. मी लपवून ठेवले. हिची चूक नाही."

"कार्ड मी लिहिलं," मी म्हणाले.

"तू गप्प बस."

निशाने डोळे उघडून आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. विजयमालाकाकूंनी डबा घेतला, झाकण काढलं, वाकून वास घेतला. मग चमचा भरला आणि स्वतःच्या तोंडात घातला. सावकाश चावला. गिळला. आणखी थोडं थांबल्या. आई उभ्याच होत्या, हात पदरात गुंडाळलेले. मी पण उभी होते. माझ्या घरचा मऊ भात कुणीतरी असा आधी चाखून बघत होतं, आणि त्यात मला काहीही वावगं वाटलं नाही. मीही असंच केलं असतं. मी तर दोन चमचे खाल्ले असते आणि अर्धा तास वाट पाहिली असती.

मग त्यांनी दुसरा चमचा मुलीच्या तोंडाशी नेला.

तिसऱ्या दिवशी मी सकाळी सातला दवाखान्यात होते. आकडे दहाला येणार होते. मी बाकावर बसले, उठले, पाण्याच्या यंत्राशी गेले, कपात पाणी घेतलं, प्यायले नाही. खोलीत निशा उशीला टेकून बसली होती आणि मांडीवरचं मासिक वाचत होती. ओठ सुकलेले होते. मला बघून म्हणाली, "ताई, तुम्ही अशा येरझाऱ्या घातल्यात की माझं वाचलेलं सगळं जातं. बसा तरी, नाही तर बाहेर जा." मी बसले. दोन मिनिटांनी पुन्हा उठले.

साडेदहाला डॉक्टर आले. पेशी वाढल्या होत्या. मूत्रपिंड, यकृत व्यवस्थित. आजचा दिवस ठेवू, उद्या सकाळी घरी. त्यांनी निशाला विचारलं, "परीक्षा कधी?" ती म्हणाली, "आठ आठवडे होते, त्यातला अर्धा आठवडा गेला." ते हसून गेले.

मी भिंतीला पाठ लावली. विजयमालाकाकू गादीची चादर ताणून खोचत होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कार्डावर 'खा' असं लिवलं व्हतं म्हणं?"

"हो. किसून लोणचं करा असं."

"मग हिनं खाल्लं. हिचं काय चुकलं?"

"काहीच नाही, काकू."

"त्या मेसवालीचं?"

"तिचंही नाही."

"हं." त्यांनी चादरीचा शेवटचा कोपरा खोचला. त्यांनी मला माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत नव्हती. "तुमचं किती वर्षाचं हाय म्हणालात?"

"दोन."

"तीन दिस झालं, तुम्ही इथंच हाय."

"निशाचे आकडे..."

"आलं की आकडं. बघितलं तुम्ही." त्या सरळ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं. "आता हिच्यापाशी मी हाय. तुम्ही तुमच्यापाशी जा."

मी मान हलवली. पर्स घेतली. दारापर्यंत गेले. बाहेर व्हरांड्यात माझी बाकावरची जागा अजून रिकामी होती. मी तिथे बसले, पुन्हा उठले, आणि जिना उतरायला लागले.